सलामी पुरे

फोटो मोठा करून पाहिला आणि हातातला चहाचा कप तसाच बाजूला ठेवला. स्क्रीनवर एका सुपात सहा-सात कंद मांडलेले होते. स्वच्छ धुतलेले, अंगठ्याएवढे जाड. त्यातला प्रत्येक कंद मध्येच काटकोनात वळलेला होता, नांगरासारखा. चौदा वर्षं मी कोल्हापुरात कॉलेजच्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि दर वर्षी सांगत होते, की नांगराच्या आकाराचा कंद म्हणजे कळलावी. शिजवून, उकडून, काहीही करून तिचं विष जात नाही.

ऋषिपंचमीचा दिवस होता आणि पावणेअकरा वाजले होते. फोटोखाली माझंच वाक्य होतं, आदल्या संध्याकाळी लिहिलेलं.

"चालतो काय, पळतो. सालं काढा, उकडा, वर ओला नारळ. साती ऋषी ताट पुसून खातील."

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. 'पानफुटी' नावाचं आमचं एक संकेतस्थळ होतं, अजूनही आहे. रानभाज्या, कंद, रानफळं यांचं वेड असलेले तीन-चारशे लोक तिथे जमायचे. कुणी पानाचा फोटो टाकायचं, कुणी नाव सांगायचं, मग त्या नावावरून दोन दिवस भांडण चालायचं. प्रत्येकाचा एक आयडी असायचा. माझं खरं नाव मृदुला, पण नवरा म्हणायचा की बारशाच्या वेळी तुझ्या आईवडिलांची फसवणूक झाली. म्हणून मी आयडी घेतला काटेरिंगणी. लोक रिंगणीताई म्हणायचे. मी तिथली संपादक होते, म्हणजे भांडण हाताबाहेर गेलं की धागा, म्हणजे त्या प्रश्नाखालची सगळी चर्चा, बंद करायचा, कुणी शिवीगाळ केली की ती पुसायची, असली कामं माझ्याकडे.

आणि सलामी. ती प्रथा माझ्याच डोक्यातून निघालेली. नवीन सदस्याने पहिला प्रश्न विचारला की त्याला सरळ उत्तर द्यायचं नाही. जुन्यांनी येऊन गंभीर चेहऱ्याने वाटेल ते ठोकायचं, खोटी नावं, खोट्या पाककृती. नवा माणूस चिडला तर तो टिकणार नाही, हसला तर आपला. मग जाणकाराने 'सलामी पुरे' असं लिहून खरं उत्तर द्यायचं. दोन वर्षांत पन्नास-साठ जणांना आम्ही अशी सलामी दिली होती आणि पुढे तेच लोक दुसऱ्यांना द्यायला सगळ्यांच्या आधी हजर असायचे. सासूने जाच केला की सून पुढे सासू होते, तसंच ते. तेव्हा मात्र मला ती प्रथा फार गोड वाटायची.

या नव्या सदस्याचा आयडी होता कोरी पाटी. तिने लिहिलं होतं: "नमस्कार. मी नवीन आहे. लग्न होऊन कोकणात आले, इथलं काही माहीत नाही. हा कंद उद्याच्या ऋषीच्या भाजीत चालतो का? बैलाच्या कष्टाचा नाही, मी माझ्या हाताने खणलाय."

ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगर न लावता परसात, रानात आलेलं तेवढंच चालतं. आणि ही बाई नांगराच्याच आकाराचा कंद घेऊन बसली होती.

तिच्याखाली अकरा जणांची सलामी. एकाने त्याचं नाव जावईकंद सांगितलं होतं, एकाने सासूला आधी वाढा म्हणजे पुण्य लागतं असं लिहिलं होतं. बाराव्या नंबरला मी. गणपतीचा पहिला दिवस, मी नणंदेकडे आरतीला गेले होते. आरती संपेपर्यंत दम निघेना, म्हणून मोबाईल काढला. छोट्याशा चौकोनात काहीतरी तपकिरी दिसत होतं. मी ते मोठं करून पाहिलं नाही. ओळ लिहिली, टाळ्या वाजवायला लागले. कंदांची जाणकार मीच. कंद आला की 'सलामी पुरे' मी लिहायचं, हे ठरलेलं होतं. घरी जाऊन लिहू म्हटलं, आणि घरी गेल्यावर पाहुण्यांची अंथरुणं घालण्यात विसरले.

माझ्या ओळीखाली तिचं उत्तर होतं. "खूप धन्यवाद रिंगणीताई. इथे मला कुणी ओळखत नाही आणि विचारायची लाज वाटते. तुम्ही सगळ्यांनी लगेच उत्तरं दिलीत, फार बरं वाटलं." त्याखाली सकाळी साडेदहाचं आणखी एक. "आज सासूबाईंना पहिल्यांदा माझ्या हातची ऋषीची भाजी. चुलीवर ठेवतेय आत्ताच."

मी घड्याळाकडे पाहिलं. ऋषीची भाजी पूजा झाल्यावर खातात. म्हणजे बारा, साडेबारा. कदाचित आधीच.

मी पहिल्यांदा काय केलं तर तो धागा अप्रकाशित केला. दुसरं कुणी वाचून असंच करून खाईल, म्हणून. एक टिचकी मारली आणि धागा झाकला गेला. मग श्रीरंगला फोन लावला.

श्रीरंग लाटकर पुण्याचा, संकेतस्थळाचा मालक. बँकेतली नोकरी सोडून हा उद्योग करत बसला म्हणून आम्ही त्याला मालक म्हणायचो. त्याच्याकडे सदस्यांचे ईमेल असायचे, बाकी काही नाही. मी काय झालं ते सांगितलं.

"नक्की कळलावी?" त्याने विचारलं.

"नक्की."

"किती कंद?"

"सहा-सात. घरात माणसं किती कोण जाणे."

"एक कंद पुरतो ना?"

मी हो म्हटलं. त्याने ईमेल पाठवला, मला वाचून दाखवला, पण ऋषिपंचमीच्या दिवशी चुलीपाशी बसलेली बाई ईमेल उघडणार नाही हे दोघांनाही कळत होतं. मी तिला खाजगी निरोप टाकला. तो कोपऱ्यातल्या एका पाकिटाच्या चित्रात जाऊन बसतो. ते पाकीट काय असतं हे नव्या माणसाला महिनाभर कळत नाही. श्रीरंग म्हणाला, "धाग्यावर मी लाल मोठ्या अक्षरांत लिहितो. खाऊ नका, विषारी आहे. कृती बघायला तिने पान उघडलं तर दिसेल." मी बरं म्हटलं.

अकराला पाच कमी. तिचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. कोकण एवढंच. मी फोटो पुन्हा मोठा केला. वरच्या कोपऱ्यात एक नारिंगी-पिवळी पाकळी लोंबत होती. आणि कंदांखाली सुपात एक गुलाबी कागद पसरलेला होता. छापील. मी कॉम्प्युटरला नाक लावून वाचलं. दशावतारी नाट्यप्रयोग. गाव आंबेरवाडी. संपर्क, बाबल परब. आणि मोबाईल नंबर. शेवटचा आकडा कंदाच्या टोकाखाली गेला होता.

नऊ आकडे दिसत होते. दहावा शून्य ते नऊपैकी काहीही.

श्रीरंगने शून्य ते चार घेतले, मी पाच ते नऊ. पाचवर कुणीतरी उचलला आणि मी बोलायला लागताच 'कार्ड नको आहे' म्हणून ठेवला. मी पुन्हा लावला, त्याने पुन्हा ठेवला. सहा बंद होता. साडेअकरा कधी वाजले मला कळलंच नाही, कारण सातवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला परब कोण, त्यांचं काय काम, हे सगळं शांतपणे विचारून घेतलं आणि मग सांगितलं की ते स्वतः यवतमाळला असतात. त्यांच्यावर मी ओरडले. आयुष्यात अनोळखी माणसावर मी तशी कधी ओरडले नव्हते. बाहेरच्या खोलीतून नवरा आला, मी हातानेच त्याला थांब म्हटलं.

आठवर फोन उचलला गेला तेव्हा पलीकडे पूजेची घंटा वाजत होती.

"कोण बोलता?"

"परब? बाबल परब? आंबेरवाडी?"

"हो, मीच. नाटक कधीच झाला. आता कसला विचारतास?"

मला रडू फुटलं. ते दाबून मी विचारलं, तुमच्या गावात बाहेरून आलेली एखादी नवी सून आहे का, कोकणातली नव्हे. तो म्हणाला, आसा एक, गवसांची, घाटावरची आसा. काय झाला?

"तिने आज भाजी केलीय. त्यात कळलावीचा कंद आहे."

"कळलावी? ती माटवीक बांधतंव ती?" तो म्हणाला. "ती कोण खाता?"

"तिला माहीत नाही. दादा, तुम्ही पळा. ती भाजी कुणाला खाऊ देऊ नका. मी फोन ठेवत नाही."

तो पळत सुटला. त्याच्या चपलांचा आवाज येत राहिला, मग चपलाही सुटल्या असाव्यात, कारण नुसता श्वास ऐकू यायला लागला. मध्येच कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने उत्तर दिलं नाही. गवसांचं घर वरच्या वाडीला होतं, चढावर. तो माणूस पन्नाशीचा असेल हे मला त्याच्या श्वासावरून कळत होतं आणि आता हाच कुठे पडायचा, अशीही भीती वाटून गेली. मी घड्याळ बघत होते. सहा मिनिटं. सात. मी देवाला काही बोलले नाही, आमच्या घरातला गणपती समोरच होता, पण त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

मग भांड्यांचा आवाज आला, बायकांचं बोलणं, आणि बाबल परबांचा आवाज चढला.

"गे वयनी, ठेव खाली. ता खाव नको."

एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "जेवता जेवता कोण उठयता रे बाबल? सुनेन पयल्यांदाच केल्यान हा. बरी झाली हा भाजी."

मग एका तरुण बाईचा आवाज, अगदी हळू. "काय झालं?"

सासूबाई एकट्याच जेवायला बसल्या होत्या. उपासाचं त्यांचं आधी, मग बाकीच्यांचं. चार-पाच घास गेले होते. सुनेने अजून ताट घेतलं नव्हतं. मी बाबल परबांना सांगितलं, आत्ताच्या आत्ता गाडी करा, तालुक्याला नव्हे, जिल्ह्याला न्या, आणि भाजी डब्यात घालून बरोबर न्या. त्या म्हणतील मला काही होत नाही. दोन-तीन तास खरंच काही होणार नाही. त्यांचं ऐकू नका. तो हो हो म्हणत होता. फोन कट झाला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

सासूबाई अकरा दिवस इस्पितळात होत्या. तिसऱ्या दिवशी श्रीरंगचा फोन आला की मूत्रपिंडांवर आलंय, आता सांगता येत नाही. त्या रात्रीबद्दल मी लिहीत नाही. सातव्या दिवशी त्या पाणी मागायला लागल्या. दहाव्या दिवशी केस जायला लागले, मूठमूठ. त्या विषाची ती खूणच आहे. बाकी वाचल्या.

तीन आठवड्यांनी कोरी पाटीचा मला फोन आला. नंबर बाबल परबांनी दिला होता. तिचं नाव सारिका, माहेर तासगावचं. मी शिव्या खायच्या तयारीने बसले होते. तिने आधी आभार मानले. तुम्ही फोन केला म्हणून आत्या वाचल्या, म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची.

मी तिला म्हटलं, "सारिका, आम्ही थट्टा करत होतो."

"ते मला नंतर कळलं," ती म्हणाली. "बाकीच्यांची थट्टा होती हे तेव्हाही जरा वाटलं होतं, ताई. पण तुम्ही कृती दिली होती ना. सालं काढा, उकडा. मला वाटलं, एकच माणूस खरं बोलतंय."

मग तिनेच सांगितलं की तो वेल तिने गणपतीवरच्या माटवीत पाहिला होता. कोकणात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फुलं-फळं बांधतात, तीच माटवी. तिला वाटलं, जे देवावर बांधतात ते वाईट कसं असेल. घरामागे तोच वेल दिसला, खणला. तासगावात कुठली आलीय माटवी. घरात कुणाला विचारलं असतं तर एका शब्दात काम झालं असतं, पण महिन्याभरात तिचे सतरा प्रश्न विचारून झाले होते आणि प्रत्येक प्रश्नाला जाऊबाई हसल्या होत्या.

"घरात काय सांगितलंस?" मी विचारलं.

"माझ्याच मनाने खणलं असं सांगितलं. तुमचं नाव कशाला घेऊ?" ती म्हणाली. "एक विचारू, ताई? मी वाढायच्या आधी अकरा वाजता परत बघायला आले होते. किती वेळ उकडायचं ते तुम्ही लिहिलं नव्हतं. पान उघडलंच नाही. 'आपल्याला हे पाहण्याची परवानगी नाही' असं आलं. मला वाटलं, नवीन म्हणून मला काढून टाकलं. मग मी माझ्याच अंदाजाने उकडलं."

श्रीरंगची लाल अक्षरं अकराच्या आधीच तिथे होती. संपादकांना झाकलेले धागेही नेहमीसारखेच दिसतात, फक्त कडेला एक राखाडी खूण असते. श्रीरंगने ती पाहिली नव्हती. आणि तो 'धाग्यावर लिहितो' म्हणाला तेव्हा मी बरं म्हटलं होतं.

"सर्व्हर बंद पडला होता," मी म्हणाले.

"हो का? मग बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

सलामी त्याच आठवड्यात बंद झाली. मी एक मोठं निवेदन लिहिलं, माझी थट्टा कशी जिवावर बेतली ते सगळं, आणि लोकांनी माझ्या प्रांजळपणाचं कौतुक केलं. धागा झाकल्याचं त्यात नव्हतं. झाकला तेव्हा मला दुसऱ्या कुणाच्या जिवाची काळजी होती, असं मी स्वतःला सांगत आले. मला माझ्या नावाची काळजी होती. कॉलेजातली बाई, चौदा वर्षांचा अनुभव, आणि खाली ती ओळ.

सारिका पानफुटी सोडून जाईल असं वाटलं होतं. ती गेली नाही. आंबेरवाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून विचारून तिने चार वर्षांत इतकं शिकून घेतलं की कंदांच्या धाग्यावर लोक माझ्याऐवजी तिची वाट बघायला लागले. बायकांत पहिल्या तिच्या सासूबाईच. त्यांचे केस परत आले ते पांढरेशुभ्र, आणि फोटोत त्या कंद हातात धरून उभ्या असायच्या. आयडी मात्र तिने बदलला नाही. नवा माणूस आला की सगळ्यांच्या आधी कोरी पाटी हजर. तिची ओळ ठरलेली: "या. चुलीवर काही असेल तर आधी उतरवा. मग नाव सांगा, गाव सांगा, आणि फोटो जवळून काढा."

गेल्या वर्षी श्रीरंग म्हणाला, सारिकाला संपादक करू या. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? पण त्या दिवसापासून मला झोप नव्हती. संपादकाला प्रत्येक धाग्याचा इतिहास दिसतो. कुणी काय बदललं, कुणी झाकलं, कोणत्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी. मी रोज सकाळी पानफुटी उघडायची आणि तिचं नाव दिसलं की तिने काय लिहिलंय ते आधी वाचायची. एक आठवडा गेला, दोन गेले. ती मला नेहमीसारखी रिंगणीताई म्हणत होती, दिवाळीला फोनही केला, आत्यांनी करांदे पाठवलेत म्हणाली. करांदे आले, वेलाला लागणारे कंदच ते. मी ते उकडून खाल्ले, एकेक घास मोजून.

जानेवारीत संकेतस्थळावरच्या संपादकांच्या खोलीत तिने पहिला प्रस्ताव मांडला. नव्या सदस्यांच्या स्वागताचे नियम. मी वाचत खाली गेले. पहिला नियम, प्रश्नाला तासाभरात खरं उत्तर. दुसरा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. तिसरा नियम असा होता:

"नवीन माणसाचा प्रश्न कधीही झाकायचा नाही. आपलं काही चुकलं असेल, तर त्या चुकीखालीच लिहायचं. तो परत बघायला येतो."

खाली तिने कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. फक्त विचारलं होतं, "रिंगणीताई, तुमचं अनुमोदन आहे ना?"

मी कोरी पाटीचा बारा वर्षांपूर्वीचा तो धागा शोधून काढला. राखाडी खूण अजून तशीच होती. मी ती काढली, धागा सगळ्यांना दिसेल असा उघडा केला, आणि श्रीरंगच्या लाल अक्षरांखाली, ऋषिपंचमीला पावणेअकरा वाजता लिहायला हवं होतं ते लिहिलं. त्याखाली, धागा कोणी झाकला, केव्हा झाकला, का झाकला. आणि सर्व्हर बंद पडला नव्हता हेही.

मग परत येऊन तिच्या प्रश्नाखाली लिहिलं, "आहे."